मेडिकलवाला म्हणजे नेमका कोण? साखळी दुकानांची गोष्ट आणि आपला वऱ्हाड

मंडळी, आजचा विषय औषधांच्या दुकानांचा. तत्त्वज्ञानाच्या माणसांनी यात का पडावं, असं काहींना वाटेल. पण या धंद्याचा इतिहास सुरू होतो तोच मुळी एका तात्त्विक प्रश्नापासून: कंपनी ही ‘व्यक्ती’ आहे काय?

इंग्लंडात 1868 सालच्या कायद्यानं ठरवलं की परीक्षा पास नसलेल्या ‘व्यक्तीने’ विषारी औषधं विकू नयेत. तिथल्या एका कंपनीनं शिकलेला माणूस पगारावर ठेवला आणि दुकान उघडलं. औषधविक्रेत्यांची संस्था कोर्टात गेली. 1880 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला की कायद्यातली ‘व्यक्ती’ म्हणजे हाडामांसाचा माणूस. कंपनी परीक्षेला बसू शकत नाही, म्हणून ही बंदी कंपनीला लागू नाही. गल्ल्यामागे शिकलेला माणूस असला की झालं! या फटीतूनच साखळी दुकानं जन्माला आली. नॉटिंगहॅमच्या जेसी बूट यांनी वडिलांचं जडीबुटीचं दुकान 1883 मध्ये कंपनीत बदललं आणि पुढे देशभर शाखा काढल्या. याच बूट्स कंपनीच्या प्रयोगशाळेत आयबुप्रोफेन सापडलं, आपल्याकडे घरोघर पोचलेली ब्रुफेन ती हीच.

आपल्याकडेही कायद्याची मांडणी जवळपास तशीच. 1940 चा औषध कायदा आणि 1945 चे नियम परवाना देतात तो जागेला आणि धंद्याला. मालक कुणीही असो. 1948 चा फार्मसी कायदा म्हणतो, चिठ्ठीवरचं औषध द्यायचं ते नोंदणीकृत फार्मासिस्टनंच. म्हणजे साखळी काढायला कायद्याची आडकाठी नव्हतीच. मुंबईत केम्प आणि कंपनीचं नाव एवढं रुजलं की चौकच केम्प्स कॉर्नर झाला.

मग आपल्या अमरावती-अकोल्यात अशी साखळी का उभी राहिली नाही?

रेल्वे तर लवकर आली होती. भुसावळ-नागपूर मार्ग 1867 मध्ये सुरू झाला, अकोला थेट त्यावर, अमरावती बडनेऱ्याच्या फाट्यानं जोडलेली. कापूस मुंबईकडे जायचा, मुंबईचा माल इकडे यायचा. पण औषध विकायचे मुख्यतः डॉक्टरच. दवाखान्यातच कंपाउंडर असायचा, मिश्रणाची बाटली भरून द्यायचा आणि डोस कळावेत म्हणून बाटलीला कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. वेगळ्या दुकानाची गरजच थोडी. तयार गोळ्या आणि कंपन्यांचे ब्रँड आले तेव्हा कुठे ‘मेडिकल’ वाढले.

आणि ते वाढले घराघरांतून. एक भाऊ दुकानात, दुसरा होलसेलमध्ये. अमरावतीला इर्विनच्या आसपास किंवा अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयाच्या समोर उभं राहून पाट्या वाचा, कुलदैवतांची यादीच मिळेल! या दुकानांचा खरा पाया म्हणजे उधारीची वही. कापूस विकला जाईपर्यंत शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो, ताप मात्र श्रावणातही येतो. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, “भाऊ, थे मांगच्यावाली लाल गोळी द्या ना,” आणि भाऊंना ती गोळी आठवते. साखळीच्या कॉम्प्युटरमध्ये मुदत संपणारा माल दिसतो, ‘दिवाळीनंतर देतो’ हा रकाना त्यात नसतो. लाल गोळी बिनचिठ्ठीची द्यावी का, हा भाग वेगळा. आमच्या मते देऊ नये, आणि ही सवय दुकानदारांनीच मोडायला हवी.

पण सगळंच काही जिव्हाळ्यानं टिकलं असं मानू नका. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी देशभर ‘ना हरकत’ पत्राची प्रथा चालवली होती. संघटनेचं पत्र नसेल तर नव्या वितरकाला माल मिळणं मुश्कील. गोव्याच्या संघटनेविरुद्ध 2012 मध्ये आणि अखिल भारतीय संघटनेविरुद्ध 2013 मध्ये स्पर्धा आयोगानं अशा अडवणुकीविरुद्ध आदेश दिले. दुसऱ्या बाजूनं, 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशात किरकोळ विक्रेत्याला मान्य नफा 16 टक्के. घाऊक खरेदी करणारी साखळी त्यातून सूट देते, एकट्या दुकानाला ते जड जातं.

आता गंमत पाहा. आज देशातली सगळ्यात मोठी ‘साखळी’ म्हणावी अशी योजना सरकारचीच आहे. पहिलं जनऔषधी केंद्र 2008 मध्ये अमृतसरला उघडलं, 2023 च्या नोव्हेंबरात दहा हजारावं. पाटी एक, माल एक, चालवणारा मात्र स्थानिक.

पण अडचण अशी की डॉक्टर चिठ्ठीवर ब्रँडचं नाव लिहितात. आणि नियम 65 म्हणतो, अनुसूची एच मधल्या औषधाऐवजी दुसरं बनावटीचं औषध दुकानदारानं देऊ नये, घटक तोच असला तरीही. रक्तदाबाची स्वस्त गोळी समोरच्या फळीवर आहे, रसायन तेच आहे, तरी कायद्याच्या लेखी ती ‘ती’ गोळी नाही. डॉक्टरांनी मूळ नावानंच लिहावं, असा कडक नियम वैद्यकीय आयोगानं 2 ऑगस्ट 2023 ला काढला आणि त्याच महिन्यात, 23 तारखेला, स्थगितही केला. धारणीहून दवाखान्यासाठी अमरावतीला आलेला माणूस त्यामुळे आजही चिठ्ठीवरच्या नावाचेच पैसे मोजतो. तेव्हा डॉक्टरांना तिथंच विचारायचं, “साहेब, मूळ नावानं लिहून देता का?” असं विचारायला कायद्याची कसलीही आडकाठी नाही.