साक्ष की जाहिरात? : ख्रिस्ती श्रद्धा आणि समाजमाध्यमे



गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलावयास मिळाले, हा मी माझा बहुमान समजतो. विषय ऐकून काहींना नवल वाटेल. मोहगावच्या व्यासपीठावर ख्रिस्ती श्रद्धेचा विषय कशासाठी, आणि मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने समाजमाध्यमांच्या भानगडीत का पडावे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. फादर स्टीफन्स यांच्या १६१६ मधील ख्रिस्तपुराणापासून रेव्हरंड टिळकांपर्यंतचे ख्रिस्ती वाङ्मय ही आपल्या भाषेची ठेव आहे. दुसऱ्याचे उत्तर देताना मला एक कबुली द्यावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी पत्नीच्या प्रथम स्मृतिदिनी मी जवळच्या एका शाळेत वह्या वाटल्या. नातवाने छायाचित्र काढून माझ्या नावाने फेसबुकवर टाकले. त्या सायंकाळी किती जणांना ते आवडले हे मी चार वेळा पाहिले. तिसऱ्या दिवशी संत्र्याच्या बागेत मजुरी करणारा एक गृहस्थ आला आणि त्याने वह्या ओसरीवर ठेवल्या. म्हणाला, ‘‘सर, वह्या चांगल्या आहेत. पण पोरीचा फोटू साऱ्या नातेवाइकांच्या मोबाइलात फिरून राहिला. तिले लाज वाटते.’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्या रात्री मी मत्तयाचे शुभवर्तमान पुन्हा उघडले. डोंगरावरील प्रवचन म्हणून प्रसिद्ध असलेल्या भागात या विषयावर दोन वचने येतात आणि ती प्रथमदर्शनी परस्परविरोधी वाटतात. पाचव्या अध्यायात येशू सांगतो की, दिवा लावून कोणी मापाखाली झाकीत नाही. तुमची सत्कर्मे लोकांना दिसू द्या. सहाव्या अध्यायात तोच बजावतो की, दान करताना कर्णे वाजवू नका, उजव्या हाताचे डाव्याला कळू देऊ नका, प्रार्थना दार लावून करा आणि उपवास असेल तर तोंड धुऊन प्रसन्न दिसा. मग सत्कर्म दाखवावे की झाकावे?

उत्तर पाचव्या अध्यायातील वाक्याच्या उत्तरार्धात आहे. लोकांनी सत्कर्मे पाहून स्वर्गातील पित्याचा गौरव करावा, असा तेथे हेतू सांगितला आहे. म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टी कर्त्यावर येऊन थांबते की त्याच्या पलीकडे जाते, हा खरा प्रश्न. न्यायालयातील साक्षीदार घडलेल्या गोष्टीविषयी बोलतो. तो स्वतःविषयीच बोलू लागला तर न्यायाधीश त्याला थांबवितात. साक्ष आणि जाहिरात यांतील भेद हाच. सहाव्या अध्यायात ढोंग्यांसाठी जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा मूळ अर्थ रंगमंचावरील नट असा आहे. नटाला प्रेक्षक लागतातच.

आता या नव्या माध्यमांची घडण पाहा. फेसबुकवर पसंतीची कळ २००९ मध्ये आली. कोणता मजकूर कोणाला आधी दिसावा हे ठरविताना यंत्र लोकांचा प्रतिसाद मोजते. ज्याला प्रतिसाद अधिक, ते अधिकांपुढे जाते. प्रार्थनेत मिटलेल्या डोळ्यांच्या चित्राला मूक सेवेपेक्षा दाद जास्त मिळाली, तर माणूस नकळत डोळे मिटून छायाचित्र काढू लागतो. त्याची श्रद्धा खोटी असते असे नव्हे. तिला मोजपट्टी लागते, एवढेच. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध धर्मोपदेशकांच्या पायांतील महागड्या बुटांच्या किमती दाखविणारे एक इन्स्टाग्राम खाते गाजले, ते या मोजपट्टीला मिळालेले उपरोधिक उत्तर होते. पुढे २०२१ मध्ये इन्स्टाग्रामनेच पसंतीचे आकडे लपविण्याची मुभा वापरणाऱ्यांना दिली.

माध्यम सर्वस्वी वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद असताना असंख्य कुटुंबांनी पडद्यासमोर बसून उपासना केली. २००६ मध्ये अवघ्या पंधराव्या वर्षी निवर्तलेल्या कार्लो अकुतिस या मुलाने संगणकावर धर्मविषयक माहितीचे संकलन केले होते. २०२५ मध्ये चर्चने त्याला संत घोषित केले. व्हॅटिकननेही २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील वर्तनाविषयी स्वतंत्र चिंतन प्रसिद्ध केले आहे.

आपल्याकडील दाखले याहून बोलके आहेत. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात असता आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि मराठीला एक थोर ख्रिस्ती कवी लाभला. त्या सहप्रवाशाचे नाव मात्र टिळकांना कधीच कळले नाही. स्वतः टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली तेव्हा पतीचा संताप, विसराळूपणा आणि स्वतःची फजिती यांपैकी काहीच झाकले नाही. म्हणून ते पुस्तक आजही खरे वाटते.

आपल्या शेजारच्या नागपुरात १८४५ मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप यांनी मध्य प्रांतातील आदिवासींविषयी टिपणे जमविली. १८६३ मध्ये ते नदीत बुडून वारले. ती टिपणे १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली.

परंतु प्रसिद्धी टाळणे हेच नेहमी पुण्य, असे मानू नये. पंडिता रमाबाईंनी १८८७ मध्ये इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, अमेरिकेत सभा गाजविल्या, देणग्या मागितल्या. त्यातून १८८९ मध्ये शारदासदन उभे राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्याच मध्य प्रांतातील निराधार स्त्रिया आणि मुली त्यांनी आश्रयास नेल्या. त्या गप्प राहिल्या असत्या तर ही कामे झाली नसती. त्यांच्या बोलण्याचा लाभ त्या मुलींना झाला. माझ्या छायाचित्राचा लाभ मला झाला आणि लाज मुलीच्या वाट्याला आली. कसोटी हीच आहे.

ही कसोटी केवळ ख्रिस्ती नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे येतात. त्यांत अमानित्व आणि अदंभित्व यांना अग्रस्थान आहे. दोन भिन्न परंपरा एकाच रोगाचे निदान करतात, तेव्हा तो रोग मानवमात्राचा आहे असेच समजावे.

मी ते छायाचित्र काढून टाकले आणि त्या गृहस्थाच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला. मुलगी बाहेर आली नाही. नातेवाइकांच्या भ्रमणध्वनीतून ते चित्र पुसणे माझ्या हाती नव्हते. वह्या त्यांनी परत घेतल्या नाहीत. त्या अजून माझ्या कपाटात आहेत. या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या आपणांपैकी अनेकजण आज देण्याच्या स्थितीत आहेत. देताना त्या न दिसलेल्या मुलीची आठवण ठेवावी, एवढीच विनंती करून आणि गुरुजींच्या स्मृतीस अभिवादन करून मी आपली रजा घेतो.