एकोणसाठ दिवस, अकरा टायर

९ जून १९०९. न्यूयॉर्कमध्ये धो धो पाऊस कोसळत होता आणि ब्रॉडवेवरच्या मॅक्सवेल कंपनीच्या शोरूमसमोर हिरव्या रंगाची उघडी मोटार उभी होती. रबरी डगले घातलेल्या चार बायका फोटोवाल्यांसाठी ताटकळल्या होत्या. फोटो झाले. मग बावीस वर्षांची ॲलिस रॅम्झी गाडीसमोर गेली, हँडल मारून इंजिन सुरू केले, नवऱ्याचा निरोप घेतला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली. दोन वर्षांचा मुलगा घरी होता. जायचे होते सॅन फ्रान्सिस्कोला, म्हणजे सुमारे ३,८०० मैल. किलोमीटरमध्ये सांगायचे तर सहा हजारांच्या वर.

मोटार चालवत अमेरिका आडवी पार करणारी पहिली स्त्री म्हणून ॲलिसचे नाव घेतले जाते. ते खरेच आहे, पण मला ते वर्णन अपुरे वाटते. पहिलेपणाचा मान कुणाला तरी मिळणारच होता. ॲलिसची खरी थोरवी तिच्या हातांत होती, आणि नेमकी तीच बाजू दोन ओळींत उरकली जाते.

वर्षभर आधीपर्यंत ती घोडागाडी हाकत असे. १९०८ मध्ये शेजारून गेलेल्या मोटारीला बुजून तिचा घोडा उधळला. वकील असलेल्या नवऱ्याने मग तिला मॅक्सवेलची छोटी मोटार घेऊन दिली. त्या एका उन्हाळ्यात तिने सहा हजार मैल पालथे घातले. एका शर्यतीत तिचे चालवणे मॅक्सवेलचे विक्रीप्रमुख कॅडवॉलडर केल्सी यांच्या नजरेत भरले आणि त्यांनीच हा बेत मांडला. खर्च कंपनीचा, गाडी कंपनीची. हिशेब साधा होता: बाई एवढा पल्ला गाठू शकते तर कुणीही गाठेल, असे गिऱ्हाइकाच्या मनात भरवायचे. होरेशियो जॅक्सन यांनी १९०३ मध्ये विंटन गाडीतून हाच देश ६३ दिवसांत पार केला होता, तेव्हा कुणाला असा हिशेब सुचला नव्हता. जाहिरातीचा पाया बाईच्या दुबळेपणावर होता. ॲलिसने गाडी घेतली, पाया मात्र उखडून टाकला.

सोबतीला तिच्या दोन नणंदा होत्या, नेटी पॉवेल आणि मार्गारेट ॲटवुड. दोघी चाळिशी ओलांडलेल्या आणि टापटिपीच्या. चौथी हर्मिन यान्स ही तरुण मैत्रीण. तिघींपैकी एकीलाही मोटार चालवता येत नव्हती. म्हणजे सगळा पल्ला एकाच ड्रायव्हरचा.

गाडी चार सिलिंडरची, तीस अश्वशक्तीची. वर कापडी टप, ओढला तर पावसापासून थोडा आडोसा. पेट्रोल किती उरले हे सांगणारा काटा नव्हता. टाकी पुढच्या सीटखाली होती, तिच्यात पट्टी बुडवून बघायचे. एकदा बघायचे राहिले आणि गाडी वाटेतच थांबली. रस्त्याचे म्हणाल तर संपूर्ण प्रवासात पक्का रस्ता मिळाला तो फक्त १५२ मैल.

मिसिसिपी नदीपर्यंत ‘ब्लू बुक’ नावाची मार्गदर्शिका हाताशी होती. तिच्यात वळणे लिहिलेली असत ती घरे, गोठे, झाडे यांच्या खुणांनी. एका पिवळ्या घरापाशी वळायचे होते, पण पिवळे घर काही येईना. शेवटी कळले की मालकाला मोटारींचा तिटकारा, म्हणून त्याने घर हिरवे रंगवून घेतले होते! नदीपलीकडे तेवढाही आधार नव्हता. तिथे ॲलिसने तारांचे खांब वाचायला सुरुवात केली. फाटा आला की ज्या बाजूच्या खांबांवर तारा जास्त, त्या बाजूला गाव. नकाशा नसताना इतका पक्का तर्क लावणाऱ्या माणसाला मी आधी वाटाड्या म्हणेन, मग ड्रायव्हर.

आयोवाने मात्र तिचा कस पाहिला. पावसाने काळ्या मातीचा रबरबाट झाला होता. चिखलात इंजिन तापायचे आणि रेडिएटरमधले पाणी उडून जायचे. बादली नव्हती. तेव्हा त्या टापटिपीच्या नणंदांनी आपल्या सामानातून टूथब्रश ठेवायची नक्षीदार काचेची नळकांडी काढली आणि रस्त्याकडेच्या चरातले पाणी त्यात भरून आणले. चर ते गाडी, गाडी ते चर. एका खेपेत कितीसे पाणी मावणार! पण रेडिएटर भरला आणि गाडी पुढे सरकली. एका फुगलेल्या ओढ्यापाशी पाणी ओसरेपर्यंत चौघींनी गाडीतच रात्र काढली. जेमतेम ३६० मैलांचा हा टप्पा, त्याला तेरा दिवस लागले. आज इंटरस्टेट ८० वरून अख्खे आयोवा पाच तासांत मागे पडते.

साऱ्या वाटेत अकरा टायर बदलावे लागले. गाडी जॅकवर चढवायची, सळईने टायर रिमवरून उपसायचा, ट्यूबला ठिगळ लावायचे, पुन्हा बसवायचे आणि हातपंपाने हवा भरत राहायचे. हे सगळे चिखलात, घोळदार स्कर्ट सांभाळत. प्लग साफ करणे तिचेच, तुटलेला ब्रेकचा पायटा जोडणे तिचेच. मोठ्या मोडतोडीला मॅक्सवेलच्या कारागिरांची मदत मिळाली. त्याने तिच्या कामाचे मोल तसूभरही कमी होत नाही.

नेब्रास्कात एका खुन्याच्या शोधात निघालेल्या पोलिसांच्या टोळीने गाडी अडवली. वायोमिंगमध्ये नॉर्थ प्लॅट नदीवरचा पूल वाहून गेला होता, म्हणून परवानगी काढून तिने गाडी रेल्वेच्या पुलावरून नेली: पाऊण मैल, प्रत्येक स्लीपरवर एक दणका. युटात प्रेअरी डॉगच्या बिळाने दणका दिला, पुढची चाके सांधणारा बोल्ट निसटला आणि तारेने बांधून गाडी चालती केली.

७ ऑगस्टला त्या सॅन फ्रान्सिस्कोत पोचल्या. एकोणसाठ दिवस झाले होते.

१९६१ मध्ये ॲलिसने या प्रवासाचे पुस्तक लिहिले, ‘व्हेल, डस्टर अँड टायर आयर्न’. म्हणजे चेहऱ्यावरची जाळी, धुळीसाठी डगला आणि टायर काढायची सळई. पहिल्या दोन वस्तू त्या काळच्या प्रत्येक मोटारवालीकडे असत. तिसरी वापरून वापरून तिच्या हाताची झाली होती. मोटार उद्योगाच्या मानकऱ्यांच्या दालनात, ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये, २००० साली तिचे नाव दाखल झाले. तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. तेव्हा तिला जाऊन सतरा वर्षे झाली होती.

त्या प्रवासानंतरही ती थांबली नाही. स्वतः गाडी चालवत तिने अमेरिका आणखी तीसहून अधिक वेळा पार केली.