आवारात उभे वाहन आणि मुदत संपलेली नोंदणी

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात वर्षानुवर्षे एकाच जागी उभी असलेली मोटार बहुतेकांच्या पाहण्यात असते. चाकांतील हवा गेलेली, काचांवर धुळीचा थर. एके दिवशी पहारेकरी त्या काचेवर चिठ्ठी चिकटवितो : 'नोंदणीची मुदत संपली आहे. दंड भरावा.' मालकाचे म्हणणे असे की, गाडी माझी, जागा माझी, रस्त्यावर मी ती नेत नाही. मग दंड कसला? तालुक्याच्या गावी आणि शहरालगतच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीतही आता सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यामुळे हा वाद मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४१ अन्वये खाजगी वाहनाचे नोंदणी-प्रमाणपत्र १५ वर्षे वैध असते. पुढे त्याचे ५ वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. नोंदणीवाचून वाहन चालविण्यास कलम ३९ ने मनाई केली आहे. कलम १९२ नुसार पहिल्या अपराधास २,००० ते ५,००० रुपये दंड असून, पुन्हा अपराध घडल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कारावास, अथवा दोन्ही, होऊ शकतात. येथे भर आहे तो वाहन 'चालविण्यावर' व 'वापरण्यावर'. या कायद्याखालील चलन पोलीस किंवा परिवहन विभागाचे अधिकारीच करू शकतात. संस्थेच्या सचिवास तो अधिकार नाही. अशा चिठ्ठ्यांवर पुष्कळदा 'शासकीय नियमानुसार' असे छापलेले आढळते. कोणत्या नियमानुसार, हे मात्र चिठ्ठी सांगत नाही.

म्हणून संस्था अगदीच हतबल आहे असे नव्हे. वाहने उभी करण्याच्या जागांचे वाटप व शुल्क उपविधींनुसार सर्वसाधारण सभा ठरविते. उपविधींचा भंग झाल्यास सभासदास नोटीस देऊन, त्याचे म्हणणे ऐकून सभेला दंड बसविता येतो. मात्र ती शिस्त संस्थेची. ते शासनाचे चलन नव्हे. 'जागा माझी' हा मालकाचा दावाही तपासून पाहावा लागतो. १९६३ च्या सदनिका अधिनियमाखालील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असा निर्णय दिला की, खुली व स्टिल्टखालील पार्किंगची जागा विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सामायिक जागा होय. सभासदाला मिळतो तो बहुधा वापराचा हक्क.

मालकाला खरी झळ पोहोचते ती विम्याच्या बाबतीत. राजस्थानातील एक वाहन तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपल्यावर जोधपूरला नेण्यात आले आणि अतिथिगृहाबाहेर उभे असताना रात्री चोरीस गेले. वाहन वैध नोंदणीशिवाय रस्त्यावर आणले होते, या कारणास्तव २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा कंपनीवरील दायित्व नाकारले. चोरीच्या वेळी वाहन उभे होते, ही सबब उपयोगी पडली नाही. फाटकाबाहेर 'एकच फेरी' मारून आणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

१५ वर्षे झाली की वाहन भंगारात काढावेच लागते, हा समज बराच पसरलेला आहे. दिल्ली परिसरातील जुन्या वाहनांविषयीच्या आदेशांवरून तो इकडे आला असावा. महाराष्ट्रात तपासणीत योग्य ठरलेल्या खाजगी वाहनाची नोंदणी पुढे चालू ठेवता येते. पर्यावरण कर मात्र भरावा लागतो. मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत नमुना २५ मध्ये अर्ज करता येतो आणि वाहन तपासणीसाठी न्यावे लागते. मुदत असेपर्यंत ते चालवीत नेता येते. एकदा ती उलटली की वाहन तेथवर न्यावयाचे कसे, हाच पहिला प्रश्न उभा राहतो. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क बरेच वाढले असून विलंबाच्या प्रत्येक महिन्यासाठी वेगळी आकारणी ठरविण्यात आली आहे.

वाहन कायमचे निकामी झाले असेल, तर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास तसे कळवून प्रमाणपत्र परत करावयाचे असते. नोंदणीकृत भंगार केंद्रात वाहन दिल्यास तेथून जमा-प्रमाणपत्र मिळते. ते दाखविल्यावर संस्थेलाही ती जागा दुसऱ्या सभासदास देता येते.