लाईट आहे, पण कशी?

मुंबईच्या उपनगरांत मुलुंड-भांडुपला महावितरण, घाटकोपर-अंधेरी-बोरिवलीला २०१८ पासून अदानी, शिवाय टाटांचेही ग्राहक. इथे पूर्वी वीज देणाऱ्या, १९२९ साली सुरू झालेल्या बीएसईएसचं नाव जुन्या बिऱ्हाडांच्या तोंडी अजून आहे. पावसाळा मात्र सगळ्यांना सारखाच.

जमिनीखालच्या केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरतं, फीडर ट्रिप होतो. पूर्वी अशा वेळी पथक तुंबलेल्या रस्त्यांतून एकेक सबस्टेशन गाठायचं आणि स्विच उघडून फीडर पुन्हा चार्ज करून बघायचं. फॉल्टवरच चार्ज झाला, की परत ट्रिप; त्या प्रत्येक खेपेला शेजारच्या फीडरवरचे दिवेही क्षणभर मंदावायचे. आता केबलच्या स्विच-पेटीवरचा, म्हणजे रिंग मेन युनिटवरचा, इंडिकेटर फॉल्टचा करंट कुठवर गेला ते कळवतो. कंट्रोल रूममधला इंजिनिअर तिथूनच खराब तुकडा वेगळा काढतो आणि बाकीच्यांना दुसऱ्या बाजूने वीज देतो. अंधार लवकर सरतोच, शिवाय शेजाऱ्यांचे झटकेही वाचतात.

अंधेरी एमआयडीसीतल्या गाळ्यांना हे झटके महाग पडतात. विजेचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. अशी पाच-सहा आवर्तनं व्होल्टेज निम्म्यावर आलं, तरी कॉन्टॅक्टर सुटतो, मशीन थांबतं आणि आतला माल वाया जातो. स्मार्ट मीटर साधारण अर्ध्या तासाची सरासरी नोंदवतो. त्या सरासरीत हा झटका बुडून जातो.

घरांचं दुखणं वेगळं आहे. सोसायटीच्या मीटर रूममध्ये वायरमन मेन पॅनेल उघडतो, क्लॅम्प मीटर आधी तिन्ही फेजना, मग न्यूट्रलला लावतो. फेजवरचा लोड सारखा, तरी न्यूट्रलचा आकडा चढलेला, वायरीच्या टोकाची लग काळवंडलेली. एलईडी दिवे, चार्जर, टीव्ही करंट सलग न ओढता तुकड्यातुकड्यांनी ओढतात, म्हणून ५० हर्ट्झच्या लहरीत १५० हर्ट्झची भेसळ होते. तिन्ही फेजमधली ही तिसरी हार्मोनिक न्यूट्रलमध्ये कटत नाही, तिची बेरीज होते. घरगुती स्मार्ट मीटर सहसा ती मोजतच नाही. त्यासाठी पॉवर क्वालिटी अ‍ॅनलायझरच लागतो.

राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१च्या विनियमांच्या नावातच विजेच्या गुणवत्तेचा उल्लेख आहे. मग असे अ‍ॅनलायझर वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत पोहोचावेत आणि त्यांचे आकडे सोसायट्यांना बिलासोबत मिळावेत, ही मागणी मुळीच जादा नाही.