ग्विदिरच्या विन घराण्याचें दप्तर
(नभोवाणीवरील भाषण)

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. परंतु या मोठ्या घटनांच्या आड जें रोजचें जीवन चाललेलें असतें, त्याचा पुरावा सांपडतो तो घरगुती कागदांत. मुलानें बापाकडे पैसे मागितले, बापानें रागावून उत्तर धाडलें, शेजाऱ्याशीं हद्दीवरून तंटा झाला, कोणा नातलगाला नोकरीसाठीं शिफारस हवी होती, असल्या गोष्टी लिहितांना लिहिणाराच्या मनांत पुढील पिढ्यांचा विचार नसतो. आणि म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची ठरते. वेल्स देशांतील ग्विदिर येथील विन या जमीनदार घराण्याचें दप्तर हें अशा साक्षीचें एक उत्तम उदाहरण आहे. त्याचा परिचय आज करून द्यावयाचा आहे.

वेल्स हा ब्रिटन बेटाच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलूख. त्याच्या उत्तर भागांत कॉन्वी नदीच्या खोऱ्यांत लानरूस्त नांवाचें गांव आहे आणि नदीच्या पलीकडे ग्विदिरचा जुना वाडा आहे. हें ठिकाण 1500 च्या सुमारास मरेदिथ अब इवान या गृहस्थानें विकत घेतलें. तिकडे पूर्वीं आडनांव लावण्याची चाल नव्हती. ‘अप’ किंवा ‘अब’ म्हणजे पुत्र. मरेदिथ अब इवान म्हणजे इवानचा मुलगा मरेदिथ. ‘विन’ म्हणजे गोरा. एका पूर्वजास त्याच्या वर्णावरून लागलेलें हें विशेषण पुढें इंग्रजी रिवाजाप्रमाणें वंशाचें आडनांव होऊन बसलें.

या घराण्याचा सर्वांत प्रसिद्ध पुरुष सर जॉन विन. याचा जन्म 1553 सालीं झाला आणि मृत्यु 1627 सालीं. 1586 सालीं तो पार्लमेंटांत निवडून गेला, 1606 सालीं त्यास ‘सर’ ही पदवी मिळाली आणि 1611 सालीं तो बॅरोनेट झाला. बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी जेम्स राजानें त्याच वर्षीं नव्यानें काढली होती. आयर्लंडांतील तीस शिपायांचा तीन वर्षांचा खर्च, म्हणजे 1095 पौंड, पदवी घेणारानें सरकारांत भरावा असा नियम होता. तेव्हां हा मान पैसे मोजून घेतलेला होता, हें ध्यानांत ठेविलेलें बरें.

या घराण्याचे 1515 पासून 1690 पर्यंतचे अडीच हजारांहून अधिक कागद आज ज्ञात आहेत. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें 1926 सालीं त्यांची तारीखवार सूची छापली. प्रत्येक कागद कोणी, कोणास, केव्हां लिहिला आणि त्यांत काय आहे, याचा थोडक्यांत गोषवारा तींत दिला आहे. पत्रें, हिशेब, खटल्यांचे कागद, औषधांचे व बियाण्यांचे उल्लेख, असें सर्व कांहीं त्यांत आहे. त्या काळीं पत्र म्हणजे घडी घालून लाखेनें बंद केलेला एकच कागद. पत्ता त्याच्याच पाठीवर. 1635 पूर्वीं सरकारी टपालाची सोय सामान्य जनतेसाठीं नव्हती. नोकर, गुरांचे व्यापारी, लंडनास जाणारा शेजारी, यांच्या हातीं पत्र द्यावयाचें. त्यामुळें नाजूक मजकूर कागदावर न लिहितां पत्र नेणारा तोंडीं सांगेल, एवढेंच कित्येकदां लिहीत.

तारखांविषयीं एक खुलासा येथेंच करतों. 1752 पर्यंत इंग्लंडांत व वेल्समध्यें कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. म्हणून पत्रावर फेब्रुवारी 1625 असें असेल, तर तें आपल्या गणनेनें बहुधा फेब्रुवारी 1626 चें असतें. ही गोष्ट विसरणारा वाचक उत्तर आधीं आणि प्रश्न मागून, असा घोटाळा करून बसतो.

आतां पत्रांतील विषयांकडे वळूं. प्रथम मुलें. जुन्या वेल्श कायद्याप्रमाणें बापाची जमीन सर्व मुलांत सारखी वांटली जाई. त्यामुळें थोड्याच पिढ्यांत तिचे तुकडे होत. सोळाव्या शतकांतील 1536 ते 1543 च्या कायद्यांनीं वेल्सला इंग्लंडाशीं पूर्णपणें जोडलें आणि इंग्रजी पद्धतीनें सर्व मिळकत थोरल्या मुलाकडे जाऊं लागली. इस्टेट अखंड राहिली, पण धाकट्यांनीं पोट कसें भरावें हा प्रश्न उभा राहिला. विन घराण्यांतील मुलें कोणी केंब्रिजला शिकावयास, कोणी लंडनला वकिली शिकावयास, तर मॉरिस नांवाचा मुलगा व्यापारासाठीं दूर हॅम्बर्गला, अशीं पांगलीं. या पांगण्यामुळेंच इतकीं पत्रें निर्माण झालीं. सर्व मुलें घरींच असतीं तर लिहिण्याचें कारण काय होतें? थोरला मुलगा जॉन युरोपांत प्रवास करीत असतां 1614 सालीं इटलींतील लुक्का शहरीं वारला. ज्याच्यासाठीं मिळकत एकत्र राखली तोच गेला. मग वारसा रिचर्डकडे आला. हा रिचर्ड युवराज चार्ल्सच्या पदरीं होता व 1623 सालीं युवराज लग्नाच्या वाटाघाटीसाठीं स्पेनला गेला तेव्हां रिचर्डही तिकडे गेला. त्यानें त्या प्रवासाचा वृत्तांत लिहून ठेविला आहे.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. बायबलाचें संपूर्ण वेल्श भाषांतर 1588 सालीं प्रसिद्ध करणारा विल्यम मॉर्गन हा ग्विदिरच्याच मुलखांत वाढलेला, सामान्य घरचा मुलगा. त्याच्या भाषांतरानें वेल्श भाषा तगली असें तिकडील विद्वान एकमुखानें सांगतात. पुढें 1601 सालीं तो सेंट ॲसफचा बिशप झाला. लानरूस्तच्या चर्चचें उत्पन्न, म्हणजे शेतकऱ्यांकडून धर्मासाठीं येणारा दशमांश, आपणांस मक्त्यानें मिळावें अशी सर जॉनची इच्छा होती. त्यास बिशपची मंजुरी हवी होती. मॉर्गननें ती नाकारली. 1603 सालच्या पत्रांत सर जॉन आपल्या उपकारांची यादी वाचतो आणि मॉर्गनला कृतघ्न ठरवितो. मॉर्गन उत्तर देतो कीं, उपकार मान्य आहेत, परंतु चर्चचें उत्पन्न दुसऱ्याच्या हातीं देणें माझ्या सदसद्विवेकास मान्य नाहीं. पुढील वर्षीं मॉर्गन वारला. यांत विशेष हें कीं, सर जॉनच्या विरुद्ध साक्ष देणारें पत्र आपणांस मिळतें तें सर जॉनच्याच कागदांतून. त्यानें तें फाडून टाकलें असतें तर त्यास विचारणारा कोण होता? परंतु दप्तर राखणारा मनुष्य उद्यांच्या खटल्यासाठीं प्रत्येक कागद जपून ठेवितो आणि तोच कागद तीन शतकांनंतर त्याच्याविरुद्ध उभा राहतो.

तिसरा प्रसंग याच मनुष्याची निराळी बाजू दाखवितो. समुद्राकांठीं त्राएथ माउर नांवाचा एक विस्तीर्ण वाळवंटी भाग भरतीच्या वेळीं पाण्याखालीं जात असे. तेथें बांध घालून जमीन काढावी, असें सर जॉननें सप्टेंबर 1625 मध्यें सर ह्यू मिडल्टन यास लिहिलें. मिडल्टन हा वेल्सचाच पुत्र. 1613 सालीं लंडन शहरास कालव्यानें पाणी आणल्यामुळें त्याची कीर्ति झाली होती. त्यानें नम्रपणें कळविलें कीं, माझें वय झालें आहे, खाणींचीं व लंडनच्या कालव्याचीं कामें अंगावर आहेत, हें नवें काम मजकडून व्हावयाचें नाहीं. विषय तेथेंच संपला. पुढें 1811 सालीं विल्यम मॅडॉक्स यानें तेथें बांध पुरा केला आणि पोर्टमॅडॉक हें बंदर वसलें. सुमारें एकशें शहाऐंशीं वर्षें ती कल्पना एका पत्रांत पडून होती.

सर जॉननें लानरूस्त येथें शाळा व वृद्धांसाठीं धर्मशाळा स्थापिली, हें खरें. त्याच सर जॉनवर कुळांना व शेजाऱ्यांना छळल्याचे आरोप झाले, 1615 सालीं वेल्सच्या कारभारासाठीं नेमलेल्या कौन्सिलापुढें त्यास जाब द्यावा लागला आणि दंडही झाला, हेंही तितकेंच खरें. लोकांच्या स्मरणांत मात्र शाळेपेक्षां जुलूमच अधिक राहिला. जवळच्या एका मोठ्या धबधब्याखालीं त्याचा आत्मा कोंडलेला असून पाण्याच्या माऱ्यानें त्याचें पाप धुतलें जात आहे, अशी दंतकथा तिकडे आहे. कुळांचीं दप्तरें नसतात; त्यांचें दप्तर म्हणजे ही दंतकथा.

सर जॉननें आपल्या वंशाचा इतिहासही लिहिला. तो त्याच्या पश्चात् 1770 सालीं प्रथम छापला गेला. त्यांत पूर्वज राजवंशांतले, शूर आणि न्यायी असे दाखविले आहेत. एडवर्ड राजानें वेल्सच्या भाटांना फांशी दिलें ही कथा त्यांतूनच पसरली आणि थॉमस ग्रे या इंग्रज कवीनें 1757 सालीं तिच्यावर प्रसिद्ध काव्य रचलें; परंतु त्या काळच्या कोणत्याही कागदाचा तिला आधार नाहीं, असा इतिहासकारांचा निर्णय आहे. एकाच माणसाच्या लेखणींतून वंशाचा इतिहासही उतरला आणि पत्रेंही उतरलीं. इतिहास वंशजांनीं वाचावा म्हणून लिहिला. पत्रें काम व्हावें म्हणून लिहिलीं. पहिल्यांत पूर्वजांची थोरवी दिसते, दुसऱ्यांत मनुष्य दिसतो.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. या घराण्यानें वेल्श कवींना आश्रय दिला, त्यांच्याकडून स्तुतिकाव्यें करून घेतलीं. परंतु पत्रव्यवहार जवळजवळ सर्व इंग्रजींत आहे. 1536 च्या कायद्यानें न्यायकचेरीची व अधिकाराची भाषा इंग्रजी ठरली होती. जमीन, पद आणि न्याय ज्या भाषेंत मिळतो त्या भाषेंत मनुष्य लिहूं लागतो. म्हणून या पत्रांत वेल्श दिसत नाहीं, याचा अर्थ तेथें वेल्श बोलली जात नव्हती असा करूं नये. कागदाचें मौन हा पुरावा नव्हे.

आतां या दप्तराचें पुढें काय झालें? घराण्याच्या थोरल्या शाखेंत शेवटीं एक कन्या राहिली. तिच्या विवाहानें 1678 सालीं ग्विदिर दुसऱ्या कुळांत गेलें. 1719 सालीं बॅरोनेटपदही संपलें. कागद ठिकठिकाणीं पांगले. अठराव्या शतकांतील पॉल पँटनसारख्या संग्राहकांनीं कांहीं जमविले म्हणून ते वांचले. याच वंशाशीं संबंध असलेल्या विनस्टे येथील वाड्याला 1858 सालीं आग लागली आणि तेथील मौल्यवान् हस्तलिखितें भस्म झालीं. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची सनद 1907 ची. तें ॲबरिस्टविथ येथें स्थापन झालें तेव्हां कुठें असल्या कागदांना कायमचें घर मिळालें. खुद्द ग्विदिरच्या भोजनगृहाचें नक्षीदार लांकडी अस्तर 1921 सालीं लिलांवांत अमेरिकेस गेलें होतें. तें 1996 सालीं न्यूयॉर्कच्या संग्रहालयाकडून परत आणलें गेलें. लांकूडकाम परत मिळालें, परंतु जळालेलें हस्तलिखित परत मिळत नाहीं.

तेव्हां असे कागद वाचतांना तीन प्रश्न मनाशीं ठेवावे. हें कोणी कोणास लिहिलें? लिहिणारास काय हवें होतें? आणि हा कागद कोणी व कशासाठीं जपून ठेविला? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे अर्धा इतिहास हातीं आला. ज्यांच्या घरीं माळ्यावर वडिलांच्या किंवा आजोबांच्या पत्रांचा गठ्ठा असेल, त्यांस एवढीच विनंति कीं, तो रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां उलगडून पाहावा; पत्रांचा क्रम मोडूं नये, पाठीवरील पत्ते व शिक्के फाडूं नयेत आणि अप्रिय वाटणारें पत्र तेवढें निवडून काढूं नये. मॉर्गनचें पत्र तसें निवडून काढलें असतें, तर एका गरीब बिशपानें बलाढ्य जमीनदारास नाहीं म्हटलें, ही गोष्ट आज आपणांस कळली नसती.