समजून घ्या : वाय-फाय मागच्या खोलीपर्यंत कसे न्यावे?

पोहरादेवी (जि. वाशीम) : रामनवमीच्या यात्रेला येथे लाखो भाविक येतात. घरी पाहुणे उतरले की एकाच राउटरवर सगळ्यांचे मोबाईल जोडले जातात आणि मागच्या खोलीत नेट रखडते. नवे यंत्र घेण्याआधी हे तपासा.

रेंज का घटते?
जाड भिंती, स्लॅब आणि लोखंडी कपाटे लहरी अडवतात. 5 गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, 2.4 गिगाहर्ट्झची रेंज दूरवर जाते.

रिपीटर की केबल?
रिपीटर अर्ध्या वाटेवर, चांगली रेंज असेल तिथे लावावा. मात्र एकाच बँडच्या रिपीटरने वेग साधारण निम्मा होतो. केबलने दुसरा राउटर जोडल्यास ही घट टळते. कॅट-6 केबल 100 मीटरपर्यंत चालते.

जुना राउटर चालेल?
हो. त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा ठेवा, डीएचसीपी बंद करा आणि केबल लॅन पोर्टमध्ये लावा. डीएचसीपी दोन्हीकडे सुरू राहिल्यास नेट मधूनच तुटू शकते.

खर्च कधी वाया जातो?
मुख्य राउटरशेजारीच वेग कमी असेल, तर यंत्र वाढवून उपयोग नाही. आधी नेट पुरवणाऱ्याकडे तक्रार नोंदवा.