अब्ज डॉलरची कबुली

२००९ साली लंडनमध्ये क्यूकॉन ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची परिषद भरली होती. अशा ठिकाणी वक्ते बहुधा आपण काय नवे केले ते सांगतात. पंचाहत्तर वर्षांचे टोनी होअर मात्र स्वतःची जुनी चूक सांगायला उभे राहिले. माणूस साधासुधा नव्हे. यादी झटपट क्रमाने लावणारी 'क्विकसॉर्ट' पद्धत त्यांचीच, १९८० चा ट्युरिंग पुरस्कारही त्यांना मिळालेला.

चूक १९६५ ची. अल्गोल डब्ल्यू ही संगणकाची भाषा रचताना त्यांनी तीत 'नल'ची, म्हणजे कोऱ्या पत्त्याची सोय ठेवली. करायला अगदी सोपी होती, मोह आवरला नाही. माहिती संगणकात कुठे ठेवली आहे, त्याचा पत्ता प्रोग्रॅमजवळ असतो. तो कोरा असताना प्रोग्रॅम माहिती आणायला निघाला, की चालता चालता बंद पडतो. पुढे सी, जावा अशा कितीतरी भाषांत हीच सोय आली. नुकसान अब्ज डॉलरचे असेल, असा होअर यांचा अंदाज. भाषणाचे नावही तेच.

उर्दूत याला एतराफ म्हणतात. हा शब्द फळ्यावर लिहून देणे सोपे, मुलांच्या तोंडून वदवून घेणे फार कठीण!

कोटलिन, स्विफ्ट या नव्या भाषांत कोणती जागा कोरी असू शकते, ते आधीच लिहावे लागते. ती न तपासता वापरली तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. घरात कोडिंग शिकणारी मुलगी अशा अडवणुकीवर चिडत असेल, तर तिला हे भाषण जरूर ऐकवा.